धुरंधरांची रेघ

रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे नाव निघताच ‘सरकारी चित्रकार’ असा शेरा मारून मोकळे होण्याची जी रूढी नव्या चित्रकारांच्या मंडळींत पडली आहे, तिच्यात तथ्यांश नाही असे नव्हे. परंतु शेरा मारणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी त्यांची शाईतील रेखाटने डोळ्यांजवळ धरून न्याहाळली असावीत.

कोल्हापुरात १८६७ साली जन्मलेले धुरंधर १८९० मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले, तेव्हा तेथे जॉन ग्रिफिथ्स यांचा अंमल होता. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती विद्यार्थ्यांकडून वर्षानुवर्षे करवून घेणाऱ्या याच गृहस्थांच्या शाळेत छायाप्रकाशाचे धडे मात्र युरोपीय पुतळ्यांच्या प्लॅस्टरच्या नकलांवरून गिरवले जात, आणि हे द्वैत त्या शाळेला पुढेही सुटले नाही. १८९५ साली ‘हॅव यू कम, लक्ष्मी?’ या चित्राला बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले; हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी चित्रकार. पुढे त्याच शाळेत शिक्षक, मग हेडमास्तर, आणि १९३१ साली निवृत्ती: ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे त्यांच्या आत्मचरित्राचे नावच त्यांच्या नोकरीचा दाखला आहे.

त्यांच्या पौराणिक व ऐतिहासिक तैलचित्रांविषयी माझे मत फारसे अनुकूल नाही. प्रमाणबद्धता निर्दोष, वस्त्रांचा पोत अचूक, तरीही पात्रे नाटकातील प्रवेशासाठी उभी केल्यासारखी दिसतात. राजा रविवर्म्याची छाया तेथे दाट आहे. परंतु ऑटो रोथफेल्डच्या ‘वुमेन ऑफ इंडिया’ या १९२० च्या ग्रंथातील स्त्रिया, किंकेडच्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’मधील कहाण्यांची चित्रे आणि चार पैशांच्या पोस्टकार्डांवरील मुंबईची माणसे पाहताना हाच हात मोकळा होतो. पदर कोणत्या खांद्यावरून आला, निऱ्या कशा खोचल्या, कासोटा किती ताणून बसविला, यावरून बाई कोणत्या जातीची, कोणत्या प्रांताची, घाईत आहे की ऐटीत, हे एका रेघेत सांगण्याचे जे कसब तेथे दिसते, ते प्लॅस्टरच्या पुतळ्यांपाशी खचितच शिकलेले नव्हे. पण त्या पुतळ्यांनी डोळ्याला लावलेली शिस्त नसती, तर ती रेघ इतकी निःशंकही झाली नसती.

कलकत्त्यास तेथील कलाशाळेचे प्रमुख हॅवेल आणि चित्रकार अवनींद्रनाथ यांनी मोगल लघुचित्रांकडे व अजिंठ्याकडे मोहरा वळविला, तेव्हा मुंबईकर वास्तवदर्शनालाच चिकटून राहिले, म्हणून त्यांना अनुकरणाचे दूषण मिळाले. १९१९ नंतर जे. जे.चे नवे प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी जिवंत व्यक्तीवरून अभ्यासाचा वर्ग आणि भित्तिचित्रांचा वर्ग काढून एकाच वेळी दोन्ही डगरींवर हात ठेवला. धुरंधर हे सर्व बदल हुद्द्याच्या मर्यादेत राहून निभावीत गेले. त्या सौजन्याची त्यांना किंमत मोजावी लागली: वरिष्ठांशी भांडून स्वतःची शिक्षणपद्धती मांडणे हा त्यांचा स्वभाव नव्हता.

सा. ल. हळदणकरांच्या जलरंगांत या परंपरेचे उत्तम पीक आले. त्यानंतरच्या पिढीने मात्र धुरंधरांपासून घेतली ती तैलचित्रांतील ठेवण, म्हणजे त्यांच्यातील सर्वांत दुबळा भाग. रस्त्यावर उभे राहून चालत्या माणसाचे रेखाटन करण्याची सवय सुटली, आणि कलाशाळांच्या वार्षिक प्रदर्शनांत फेटेवाले म्हातारे तेवढे उरले, तेही तासाच्या बोलीवर बसविलेले.