एका माहितीपत्रकाचे परीक्षण

परीक्षणासाठी आजवर माझ्याकडे कोणी पुस्तक पाठवलेले नाही. बँकेच्या क्लार्ककडे लोक फार तर पासबुक आणतात, आणि शिल्लक कमी का, एवढीच समीक्षा त्यांना हवी असते. त्यामुळे नांदेडच्या दंतवैद्यांनी रंगीत घडीपत्रक हातात ठेवून "शांतपणे वाचा, मग बोलू" म्हटले, तेव्हा मी ते फारच मनावर घेतले. हदगावच्या एस.टी.त बसलो आणि अर्धापूर येईपर्यंत दोनदा वाचून काढले. उजवी दाढ मागच्या वर्षी गेली, डावी महिन्यापूर्वी. प्रवासात शेंगदाणे खायची सोय राहिली नव्हती. वाचनाची गोडी अशीही लागते.

विषय असा : गेलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट आणि त्यावर कॅप. मुखपृष्ठावर एक जोडपे हसते आहे. दोघांचे मिळून चौसष्ट दात, त्यांतले साठ तरी दिसतात. आमच्या तालुक्यात इतके हसताना मी कोणाला पाहिलेले नाही, कर्जमाफीच्या वर्षीसुद्धा नाही. शिवाय दोघेही पंचविशीतले. म्हणजे ज्यांचे दात पडलेत त्यांना या कथेत जागाच नाही.

भाषा ओघवती आहे, पण लेखकाला कॅपचा मोह आवरलेला नाही. इंग्रजीत तिला क्राऊन म्हणतात, म्हणजे मुकुट. तीन पाने त्या मुकुटाच्या रंगावर आणि झळाळीवर. हाडात बसणाऱ्या स्क्रूच्या वाट्याला अर्धी ओळ. खरी गोष्ट तर तिथेच आहे! स्वीडनचे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क 1952 च्या सुमारास सशाच्या हाडावर प्रयोग करत होते. त्यात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण प्रयोग संपल्यावर काढायला गेले, तर ते निघेना. हाडाने ते आपलेसे केले होते. दुसऱ्या कोणी सशाला शिव्या दिल्या असत्या. हे विचार करत बसले. 1965 मध्ये योस्टा लार्सन नावाच्या रुग्णाच्या जबड्यात त्यांनी तसे स्क्रू बसवले. लार्सन 2006 मध्ये वारले, तोवर ते टिकले. चाळीस वर्षे! आमची मुदतठेवसुद्धा दहा वर्षांवर जात नाही. एवढी गोष्ट हाताशी असून लेखक झळाळीत अडकला.

हाडाची पकड बसायला बहुधा तीन ते सहा महिने लागतात. पत्रकात 'काही भेटींत' एवढेच आहे. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याचे किंवा साखर आटोक्यात नसलेल्याचे हाड पकड धरायला कुचराई करते, यावर अक्षर नाही. किंमतही नाही. ती डॉक्टरांनी मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिली : 25,000. पेन्सिलीने का, ते आकडा पाहिल्यावर कळले.

ब्रिजवरची टीका मात्र मला पटली. ब्रिज म्हणजे जामीनकी. शेजारचे दोन धडधाकट दात घासून बारीक करायचे आणि गेलेल्याचा बोजा त्यांच्या डोक्यावर ठेवायचा. जामीनदाराचे पुढे काय होते, ते मी काउंटरमागून वीस वर्षे पाहतो आहे.

खटकला तो कवळीबद्दलचा सूर. 'जुनी, गैरसोयीची पद्धत' म्हणून दोन शब्दांत वासलात. आमच्या दादांची कवळी रात्री स्टीलच्या वाटीत असते. दात गेले की खालचे हाड झिजत जाते, कवळी सैल होते, आणि खालची तर जिभेबरोबर हिंडू लागते. तीन वर्षांपासून दादा हुरड्याला शेतावर येत नाहीत. "थंडी लई हाय बाबा, तुम्ही जा." मीही थंडीच समजत होतो. पण तेच दादा त्याच थंडीत माहूरला मात्र जातात. रेणुकादेवीचा तांबूल कुटलेला असतो ना! दातवाल्याला आणि बिनदातवाल्याला प्रसाद सारखाच. हे माझ्या लक्षात यायला एस.टी.त बसून हे पत्रक वाचावे लागले. त्यात 'हसणे' सतरा वेळा आले आहे, 'चावणे' दोनदा. मी मोजले, मोजणे हा माझा धंदाच आहे.

घरी आल्यावर दादांनी विचारले, "काय वाचायलास रे इतकं?" मी दाखवले. त्यांनी आधी मागची बाजू पाहिली. "एका दाताला? आन् सगळ्याला घेतलं तर काही सूट हाय का?"

पत्रकातले सर्वांत मोलाचे वाक्य शेवटच्या पानावर, पत्त्याच्या वर, मुंगीएवढ्या अक्षरांत आहे : खालच्या जबड्यात दोनच इम्प्लांट बसवून त्यांवर कवळी टिचबटणासारखी घट्ट बसवता येते. याला मुखपृष्ठ मिळायला हवे होते.

माझ्या दाढांचे पुढे पाहू. पुढच्या गुरुवारच्या रजेचा अर्ज टाकला आहे, दादांचा एक्स-रे काढायचा आहे. त्यांना अजून सांगितलेले नाही. सांगितले तर थंडी वाजेल.