काड्या, नळी आणि राहून गेलेला प्रश्न

काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी एवढ्या सामानावर भूमितीचा मोठा भाग मुलांच्या हातात देता येतो, हे अरविंद गुप्ता यांच्या पुस्तिकेने आपल्याला दाखवले. अनेक भारतीय भाषांत ती गेली, आज त्यांच्या संकेतस्थळावर मोफतही मिळते. नळीचे तुकडे करावेत, दोन्ही टोकांत काड्या खोचाव्यात; नळीला काट्याने आरपार भोक पाडून तिसरी काडी घातली की तिहेरी सांधा तयार. (काडीचा गूल आधी खरवडून टाकावा. ही सूचना घाईत हटकून राहते.) मुले रमतात याबद्दल शंका नाही. रमल्यानंतर पुढे काय, याबद्दल मात्र आम्हांला थोडे परखड लिहायचे आहे.

पुस्तिका कृती सांगते आणि त्याच दमात निष्कर्षही सांगून टाकते: चौकोन डुलतो, त्रिकोण डुलत नाही, म्हणून पुलांत आणि छपरांच्या कैच्यांत त्रिकोण असतात. घरी एकट्याने वाचणाऱ्याला हे ठीक आहे. वर्गात मात्र शिक्षक ते वाक्य मोठ्याने वाचतात, मुले मान डोलावतात आणि घन, मनोरा, घर अशा प्रतिकृती प्रदर्शनाच्या टेबलावर जातात. आम्ही पाहिलेल्या कित्येक वर्गांत काम इथेच संपले. मुलांचे हात गुंतले होते, डोके रिकामेच राहिले.

हे साधन ज्या परंपरेतून आले तिथे असे अपेक्षित नव्हते. होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम १९७२ साली मध्य प्रदेशातील १६ शाळांत सुरू झाला. गुप्ता १९७८ मध्ये पुण्यातील नोकरीतून वर्षभराची रजा घेऊन तिथे गेले होते. त्या कार्यक्रमाच्या ‘बाल वैज्ञानिक’ पुस्तकांत प्रयोग आणि प्रश्न असत; उत्तरे मुलांनी प्रयोगातून काढायची. परीक्षाही पुस्तक उघडे ठेवून होई. सरकारने तो २००२ साली बंद केला. साधने देशभर पसरली, पण प्रश्न विचारण्याची रीत त्यांच्याबरोबर तितकीशी गेली नाही.

म्हणून तीच काडी थोडी वेगळ्या तऱ्हेने वापरून पाहावी. ४ सेंमी काड्यांचा चौरस आलेखाच्या कागदावर ठेवा. परिमिती १६ सेंमी, क्षेत्रफळ १६ चौ. सेंमी. आता तो हळूहळू तिरका करा. काड्या त्याच, परिमिती तीच, क्षेत्रफळ? सातवीतली बरीच मुले ‘तेवढेच’ म्हणतील. ती म्हणोत, मग कागदावरचे चौकोन मोजू द्यावेत. क्षेत्रफळ निम्मे केव्हा होईल, हा त्याहून चांगला प्रश्न. कोन ९० वरून ४५ अंशांवर आणला की, असे उत्तर येते; मोजल्यावर सापडतात ११ चौरसांहून थोडे जास्त. निम्मे होते ते ३० अंशांवर. वरच्या वर्गात साइनचे कोष्टक शिकवताना याची आठवण करून देता येईल.

घनाचेही तसेच. १२ काड्यांचा घन उभा राहत नाही, लोळतो. त्याला ताठ करा, एवढेच सांगावे. मुले कर्ण बसवायला जातात आणि काडी अपुरी पडते! ४ सेंमीच्या बाजूला सुमारे ५.७ सेंमीचा कर्ण लागतो. खराट्याच्या काड्या तोडून, चुकून, पुन्हा तोडून मुलांना ही लांबी सापडू द्यावी. पायथागोरसचे नाव नंतर घेतले तरी चालते. कर्ण किती लागतात? प्रत्येक पृष्ठावर एक, असे सहा. पाचावर भागेल का, हे करून पाहायला हरकत नाही.

६० मुलांच्या वर्गात हे सारे एका तासात बसत नाही, हा आक्षेप खरा आहे. चार-चारांचे गट करून दोन तास द्यावेत आणि बाकीच्या प्रतिकृती सोडून द्याव्यात, असे आमचे मत.

सामानाविषयीही एक गोष्ट. टाकाऊ वस्तू काळाबरोबर बदलतात. या पठडीतल्या खेळण्यांना लागणारी फिल्मरोलची डबी आता दिसत नाही. प्लास्टिकच्या पेयनळ्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. अनेक नव्या सायकलींचे व्हॉल्व्ह मोटारीसारखे असतात, त्यांना ही नळी लागतच नाही. जे एकेकाळी दारात पडलेले असे ते मुद्दाम मागवून आणणे म्हणजे मूळ कल्पनाच उलटी करणे होय. त्यापेक्षा भिजवलेले वाटाणे घ्यावेत. जर्मनीत फ्रोबेलच्या बालवाडीत १९ व्या शतकातच काड्या आणि वाटाण्यांची बांधणी होत असे. यात एक गंमत आहे. वाटाणे ओले असताना चौकोन डुलतो. वाळून काडीला घट्ट आवळले की तोच चौकोन बराच ताठ होतो. काल डुलणारा चौकोन आज का डुलत नाही, हे मुलांनाच विचारावे, आणि पाठोपाठ वर्गाच्या दाराची चौकट दाखवावी: तिच्यात तर एकही कर्ण नाही.