एक जागा जास्तीची

ज्या खेळातलं आपल्याला काडीचंही कळत नाही, त्या खेळाच्या स्टेडियमचं परीक्षण लिहिणं हे धाडस आहे, हे मला मान्य आहे. पण स्वयंपाक न येणाऱ्यानंच आमटीला नावं ठेवावीत ही आपल्याकडची जुनी रीत आहे, आणि आमच्या घरात ती मीच चालवत आलो आहे. तेव्हा आज आमटीऐवजी स्टेडियम.

हे स्टेडियम अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, ॲन आर्बर गावी आहे. आमची मुलगी तिथं राहते. गावाची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास आणि तिथल्या विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये जागा १,०७,६०१. म्हणजे सामन्याच्या दिवशी सगळं गाव आत जाऊन बसलं, तर बाहेर उरलेल्यांची एखादी बऱ्यापैकी ग्रामपंचायत होईल, एवढंच. हे वाचून कुणाला वाटेल की खेळणारे मोठे नामांकित धंदेवाईक खेळाडू असतील. छे! कॉलेजातली पोरं. आमच्या कॉलेजच्या सामन्याला दोन प्राध्यापक, चार मित्र आणि एक चुकून आत शिरलेला भेळवाला एवढा जनसमुदाय जमला, की आम्ही केसांवरून कंगवा फिरवायचो.

खेळाचं नाव फुटबॉल. चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो, पण त्याबद्दल तिथं विचारू नये. मी विचारलं होतं. जावईबापू तासभर समजावत होते. शेवटी मी ‘कळलं’ म्हणालो, कारण भूक लागली होती.

खरं शिक्षण झालं ते शेजारच्या आजोबांकडून. मीही आजोबाच, पण ते पंच्याऐंशीचे, म्हणून सीनियर. १९५८ साली विद्यार्थी म्हणून ते पहिल्यांदा या स्टेडियममध्ये बसले. गुडघ्यांनी संप पुकारल्यापासून ते चाकांच्या खुर्चीत असतात. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी मुलीनं चकल्यांचा डबा देऊन मला त्यांच्याकडे पाठवलं. तिथं त्यांचा साठीचा मुलगा आणि कॉलेज संपवलेली नातही होती. मी सहज विचारलं, “कसं आहे हो हे स्टेडियम?”

आजोबांनी विचारलं, “कधीचं?”

मंडळी, इथंच माझ्यातला परीक्षक जागा झाला. नाटकाचं परीक्षण सोपं असतं. प्रयोग एक, परीक्षक एक, आणि वाईट झोपलेलाही एकच. पण स्टेडियम हे शंभर वर्षं चालू असलेलं नाटक आहे. नेपथ्य दर पंधरा-वीस वर्षांनी बदलतं आणि प्रत्येक प्रेक्षक म्हणतो, मी पाहिला तो अंक खरा.

आजोबांनी डब्यातली सर्वांत मोठी चकली उचलली आणि टेबलावर ठेवली. “हे १९२७.” त्या वर्षी हे स्टेडियम ७२ हजार जागांचं बांधलं गेलं. खर्च साडेनऊ लाख डॉलर. फील्डिंग योस्ट नावाच्या क्रीडाप्रमुखांचा हा ध्यास. त्यांनी इमारत वर नेण्याऐवजी बराचसा भाग जमिनीत खणला. खाली पाणी लागलं, जमीन दलदलीची निघाली, आणि एक क्रेन त्यात बुडाली ती अजून तिथंच आहे अशी दंतकथा आहे. आजोबांनी चकलीच्या मध्यात शेंगदाणा पुरून क्रेनचंही स्मारक केलं. योस्टसाहेबांची दूरदृष्टी अशी, की पुढं लाखाच्या वर माणसं बसतील हे धरून त्यांनी पाया घालून ठेवला होता. आमच्याकडे पूल आधी बांधतात आणि नदीची चौकशी मागाहून करतात, त्यामुळे मला हे फारच भावलं.

मग चकलीला वेढे वाढत गेले. १९४९ साली लाकडी बाकांच्या जागी पोलादी स्टँड आले आणि जागा झाल्या ९७,२३९. १९५६ साली आकडा झाला १,०१,००१. हा शेवटचा ‘एक’ म्हणजे या वास्तूचा सर्वांत सुंदर अलंकार. फ्रिट्झ क्रिसलर हे आधीचे प्रशिक्षक आणि नंतरचे क्रीडाप्रमुख; त्यांच्या सन्मानार्थ एक जागा जास्तीची. तेव्हापासून क्षमतेचा आकडा कितीही बदलो, शेवटी एक असतोच. आणि ती जागा नेमकी कुठली, हे गुपित आहे. आमच्याकडे अशी जागा असती तर तिच्यावर पाटी, पाटीवर देणगीदाराचं नाव आणि नावावर हार चढला असता.

इथपर्यंत सगळं गुण्यागोविंदानं चाललं होतं. भांडण लागलं ते गवतावरून. आजोबांचं गवत खरं, म्हणजे उगवणारं. १९६९ साली ते काढून कृत्रिम हिरवळ अंथरली. मुलगा कॉलेजात होता तो त्या प्लॅस्टिकच्या काळात, म्हणून त्याला तेच खरं मैदान वाटतं! १९९१ साली मैदान आणखी खाली खणून पुन्हा खरं गवत लावलं, तेव्हा आजोबांनी घरी आनंद साजरा केला. २००३ साली पुन्हा कृत्रिम आलं, तेव्हा मुलानं केला. या घरात गवतावरून सत्तांतरं होतात.

एका बाबतीत मात्र पिता-पुत्रांचं एकमत झालं. १९९८ साली वर पाच रांगा वाढवल्या आणि स्टेडियमभोवती पिवळ्या रंगाचं एक कडं चढवलं. त्यावर विजयगीताचे शब्द आणि संघाच्या शिरस्त्राणांची चित्रं. लग्नघरातल्या आजीबाईंना कुणी लाल गॉगल घालावा तसं ते दिसलं असावं. लोकांनी इतकी नावं ठेवली की दोन मोसमांत ते उतरवावं लागलं. सार्वजनिक वास्तूच्या बाबतीत प्रेक्षकांनी समीक्षा करावी आणि ती मनावर घेतली जावी, असं हे दुर्मिळ उदाहरण. माझ्या मते त्या कड्याचं तेवढंच मोल आहे.

खरा वाद २०१०चा. साडेबावीस कोटींहून जास्त डॉलर खर्चून दोन्ही बाजूंना लाल विटांच्या उंच भिंती उभ्या केल्या आणि त्यांत काचेच्या ८१ खोल्या काढल्या. पैसेवाल्यांनी आत ऊबेत बसायचं, बाकीच्यांनी बाहेर बाकावर. आजोबा म्हणाले, “आमच्या वेळी सगळे एकाच पावसात भिजत होते.” हे वाक्य मी टिपून घेतलं. वास्तुशास्त्राच्या चार जाड ग्रंथांत जे नसेल ते त्यात आहे. जुनं स्टेडियम रस्त्यावरून धड दिसायचंही नाही, लाखभर माणसं पोटात घेऊन ते नम्रपणे जमिनीत बसलं होतं. विटांनी ते उभं राहून आपलं नाव सांगू लागलं.

नात म्हणाली, “पण भिंती नव्हत्या तेव्हा आवाज बाहेर उडून जायचा. आता तो परत येतो.” तिचं खरं स्टेडियम विटांचं. आजोबांनी चकलीचा तुकडा मोडून खाल्ला. हा त्यांचा निषेध.

मला आमचा पुण्याचा वाडा आठवला. तो पाडून इमारत झाली त्याला जमाना लोटला. आम्ही तीन भाऊ दिवाळीला जमलो, की आड नेमका कुठं होता यावर भांडतो. थोरल्याच्या मते लिफ्टच्या जागी, धाकट्याच्या मते पार्किंगमध्ये. माझ्या मते दोघांच्याही डोक्यात. आपण वास्तू आठवत नसतोच मुळी. आपण आठवतो ते आपलं एकोणीस वर्षांचं वय, आणि ते कुठंतरी ठेवायला भिंती लागतात.

निघताना मी आजोबांना विचारलं, “मग तुम्ही त्या बांधकामाला विरोध केला होता?” म्हणाले, “पत्रं लिहिली, सह्या केल्या.” आणि मग थोडं थांबून म्हणाले, “उद्या माझ्याबरोबर चला. मुलाला जमत नाही. माझ्या खुर्चीशेजारी एक जागा असते.”

ती जागा कशी आली ही कथाही या वास्तूचाच भाग आहे. २००७ साली पक्षाघातानं अधू झालेल्या माजी सैनिकांच्या एका संघटनेनं कोर्टात धाव घेतली, की लाखभर जागांत चाकांच्या खुर्च्यांना जागा फार थोड्या. २००८ साली समेट झाला, आणि नव्या बांधकामात अशा तीनशेहून जास्त जागा आल्या, शेजारी सोबत्याच्या जागेसह. म्हणजे ज्या बांधकामाविरुद्ध आजोबांनी सह्या केल्या, त्याच बांधकामानं त्यांना पुन्हा आत घेतलं. ‘सगळे एकाच पावसात’ म्हणताना तेव्हाच्या पावसात कोण कोण नव्हतं, हे जुन्या आठवणी सांगत नाहीत. माझ्या परीक्षणातलं हे एकच वाक्य गंभीर आहे. पुन्हा असं होणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या शेजारच्या जागेवर बसलो. समोर लाखभर पिवळी-निळी माणसं. सामन्यातलं मला काही कळलं नाही. सगळे उठले की मी उठत होतो, आणि आजोबा बसल्या बसल्या सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडत होते. तो आवाज विटांवर आपटून परत आला. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही. त्यांनीच हळूच कबूल केलं, “आवाज मात्र येतो.”

तेव्हा निकाल असा: आराखडा १९२७चा, उत्तम. कडं १९९८चं, रद्द. काचेच्या खोल्या, मान्य नाहीत, पण कुणी आत बोलावलं तर फेरविचार होईल. आणि क्रिसलरसाहेबांच्या त्या जास्तीच्या जागेचं म्हणाल, तर ती कुठं आहे हे मला माहीत आहे. त्या शनिवारी तिथं मी बसलो होतो.

मात्र हे तुमच्या-माझ्यात. गुपित आहे ते.