दात, खूर आणि चाल

यवतमाळ जिल्ह्यातल्या राजूर कॉलरीत गाडीचा रंग निवडणं हा निम्मा विनोदच असतो. एका अंगाला वेकोलिचा, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सचा, कोळसा, दुसऱ्या अंगाला चुनाभट्ट्या. पांढरी घेतली तर कोळसा दिसतो, काळी घेतली तर चुना. आमच्या एका स्नेह्यांनी मागच्या उन्हाळ्यात आणलेली गाडी राखाडी आहे. यात सौंदर्यदृष्टीचा काही संबंध नाही, हे ते स्वतःच सांगतात.

गाडी म्हणजे बीएमडब्ल्यूची थ्री सिरीज, ३२०डी, २०१७ची, पुण्याहून आणलेली. सेकंड हँड. अंगणात ती उभी राहिली तेव्हा आजूबाजूला दोन बोलेरो, एक स्कॉर्पिओ आणि भिंतीला टेकलेली बंडी होती. त्या सगळ्यांत ती एवढी बुटकी दिसत होती की शेजारच्या पोराने विचारलं, हिचे टायर बसले का? स्नेह्यांचे वडील, ज्यांना आम्ही सगळे काकाजी म्हणतो, ओसरीवरून उठून आले. वणीच्या जत्रेतल्या बैलबाजारात या माणसाने उमेदीची चाळीस वर्षं काढली. बोनेटवरचा तो निळा-पांढरा बिल्ला त्यांनी पाहिलाच नाही. पुढच्या चाकाशी उकिडवे बसले, टायरवरून बोट फिरवलं आणि मला म्हणाले, "बापू, याचे दात कुठी पाहाचे?"

प्रश्न थट्टेचा होता, पण उत्तर होतं. टायरच्या बगलेवर, सगळ्या अक्षरांच्या शेवटी, लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. इथे १४२१ होते, म्हणजे २०२१चा चौदावा आठवडा. गाडी २०१७ची आणि टायर २०२१चे. काकाजींनी हिशेब केला आणि म्हणाले, "म्हंजे दुधाचे पडले."

त्या दिवसापासून मी ही गाडी काकाजींच्या नजरेने वाचतो आहे. स्पोर्ट सेडान या प्रकाराबद्दल आपल्याकडे बोललं जातं ते किमतीबद्दल नाहीतर वेगाबद्दल. दोन्ही गोष्टी कागदावर मिळतात. ३२०डीचं कागदावरचं वर्णन एका ओळीत संपतं: दोन लिटरचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, १९० अश्वशक्ती, ४०० न्यूटन-मीटर टॉर्क, आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. पण बैलाचं वजन सांगितल्याने बैल कळत नाही. तो चालवून बघावा लागतो, आणि त्याआधी उभा असताना त्याच्याभोवती दोन फेऱ्या माराव्या लागतात.

तर फेरी. पुढचं चाक बघा. ते गाडीच्या अगदी पुढच्या टोकाकडे सरकवलेलं आहे, आणि चाक ते दार यांत भरपूर अंतर आहे. साध्या गाड्यांत इंजिन आडवं असतं आणि पुढच्या चाकांनाच ओढायलाही लावतं, वळायलाही लावतं. इथे इंजिन उभं आहे, जमेल तेवढं मागे बसवलेलं, आणि ताकद जाते मागच्या चाकांना. पुढच्या चाकांकडे वळण्याचं काम उरतं, ढकलायचं काम मागची चाकं करतात. बॅटरीसुद्धा डिकीत टाकली आहे. का, तर पुढच्या आणि मागच्या आसावर जवळजवळ निम्मं-निम्मं वजन पडावं म्हणून. हे मी सांगितलं तेव्हा काकाजींना समजावण्यासारखं काही उरलंच नाही. बंडी भरताना पोती मागे जास्त झाली की गाडी उलाळते, जू बैलाच्या मानेवरून वर उठतं. पुढे जास्त झाली की तेच जू खांद्यावर बसतं आणि खांदा सुजतो. भार आसावर तोलून ठेवायचा हे ज्याला येतं त्याचे बैल दुपारी दमत नाहीत. म्युनिकच्या इंजिनियरांनी तेच गणित पोलादात मांडलं आहे.

मग मागच्या दाराची काच. छताची रेघ मागे उतरत येते, आणि शेवटच्या खांबापाशी काचेची खालची कड एकाएकी पुढे मुरडते. एवढीशी मुरड. १९६१पासून या कंपनीच्या गाड्यांत ती दिसते आणि त्या काळचे डिझाइन प्रमुख विल्हेल्म होफमाइस्टर यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्यामुळे उभी गाडीसुद्धा मागच्या पायांवर जोर देऊन उठण्याच्या बेतात असल्यासारखी वाटते. ताकद कुठल्या चाकांना जाते हे ती मुरडच सांगते. ज्यांना अलंकार म्हणजे वरून चिकटवलेली टिकली वाटते, त्यांनी हा तेवढा भाग जरूर पाहावा.

आत बसल्यावर पहिली गोष्ट कळते ती ही की आपण जमिनीजवळ आलो. दुसरी गोष्ट कळायला दोन-चार दिवस लागतात. डॅशबोर्डचा मधला भाग किंचित चालकाकडे कललेला आहे. १९७५च्या पहिल्या थ्री सिरीजनंतर ही या घराण्याची खूणच झाली. गाडी पाच जणांची, पण बोलते एकाशीच. शेजारी बसलेल्या वहिनींनी दुसऱ्याच दिवशी तक्रार केली की एसीची बटणंसुद्धा तुमच्याकडे तोंड करून आहेत. तक्रार खरी आहे. रात्री मीटरचे आकडे नारिंगी उजळतात, राखेखालच्या विस्तवासारखे, आणि डोळ्यांना त्रास होत नाही.

पण मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट पायाखाली आहे. आपल्या बहुतेक गाड्यांत ॲक्सिलरेटर वरून लोंबकळतो. इथे तो खाली जमिनीला बिजागरीने जोडलेला आहे, पायपेटीच्या भात्यासारखा. अख्खं पाऊल त्यावर विसावतं, टाच आणि पट्टी एकाच कमानीत फिरतात. त्यामुळे अगदी थोडी, गुंजभर जादा ताकद मागता येते. संगीत नाटकांना ऑर्गनची साथ ऐकलेल्यांना भाता किती हळू दाबता येतो हे ठाऊक असेल. ४०० न्यूटन-मीटर हा आकडा जाहिरातीत भीती घालायला वापरतात. या पट्टीमुळे तो मऊ होतो. झेडएफ या जर्मन कंपनीचा आठ गिअरचा गिअरबॉक्स ते मागणं ओळखतो. कधी गिअर बदलला ते कळत नाही, आणि बदलायला हवा होता पण बदलला नाही असं वाटत नाही. बैलाच्या कासऱ्याला हिसका न देता नुसता सैल सोडणारा गाडीवान असतो, तसा.

आता चाल. वणीहून मारेगाववरून करंजीकडे जाताना रस्ता जिथे चांगला आहे, तिथे पहाटे साडेपाचला, कोळशाचे ट्रक निघायच्या आधी, मी ती चालवली. वेग साठ ते ऐंशी. त्यापुढे जाण्याची गरजही पडली नाही. वळणात शिरताना गाडीचं नाक आधी आणि अंग मागून असं होत नाही. सगळी गाडी एकाच वेळी वळते, आणि वळणाच्या मध्यापासून पाय हळूच दाबला की मागून कोणीतरी पाठीला तळहात लावल्यासारखं वाटतं. स्पोर्ट सेडानचा रस म्हणतात तो हा. तो साठच्या वेगात मिळतो, हे मला महत्त्वाचं वाटलं.

याच्या उलट अनुभव समृद्धी महामार्गावर आला. वर्ध्याजवळ येळाकेळीला चढलो. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता, वेगाची मर्यादा १२०, आणि त्या वेगातही इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या आत गुणगुणत असतं. गाडी स्थिर, पोटातलं पाणी हलत नाही. पण काँक्रीटवर टायरचा घरघराट आत येतो आणि सरळ रेघेत या गाडीला सांगण्यासारखं काही नसतं. मुंबईपर्यंत सरळच जायचं असेल तर एखादी मोठी, मऊ गाडी बरी. रेंगी बैलांच्या शर्यतीत, पटावर पळवायची असते, तिच्यात बसून कोणी पंढरपूरला जात नाही.

दोष? आहेत. या पिढीत, म्हणजे २०१२ला भारतात आलेल्या एफ३० मॉडेलात, स्टीअरिंगला विजेची मदत आली आणि त्याआधीच्या पिढीतली तेलाच्या दाबाची मदत गेली. अचूकपणा तसाच राहिला, पण रस्त्याचं खडबडीतपण बोटांना कळायचं ते बोथट झालं. २०१९ला आलेल्या पुढच्या पिढीत ते बरंच सुधारलं. दुसरा दोष आपल्या मातीतला आहे. पोट जमिनीपासून वीतभरही वर नाही. गावाच्या वेशीवरचा गतिरोधक तिरपा घ्यावा लागतो, अगदी नवरीसारखं जपून. तिसरी गोष्ट रनफ्लॅट टायर. हवा पूर्ण गेली तरी ताशी ८०च्या आत ८० किलोमीटर चालतात, म्हणजे राजूरहून वणी सोडून वरोऱ्यापर्यंत आरामात. पण त्यांच्या बगला कडक असतात, खड्डा थेट मणक्याला कळतो, आणि नाक्यावरचा पंक्चरवाला त्यांना हात लावायला नाखूश असतो.

आणि बिल्ला. त्यावरून एक आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. ऑक्टोबर २०१०मध्ये औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एका दिवसात १५० मर्सिडीज घेतल्या होत्या. सुमारे ६५ कोटींचा सौदा. सी-क्लासपासून वरच्या गाड्या होत्या त्या. आमचं शहर मागासलेलं नाही हे जगाला दाखवायचं होतं, आणि ते त्यांनी दाखवलं. मला त्या खरेदीचं कौतुक आहे, पण ती गाडीची खरेदी नव्हती. ते १५० बिल्ले होते, एकत्र वाजवलेले. त्यातल्या कितीजणांनी वळणावर पाय सोडून पाहिला असेल कोण जाणे. आलिशान गाड्यांत खालच्या पायरीवरची सेडान घेणाऱ्याला हा मोह जास्त असतो, कारण बिल्ला तोच आणि पैसे कमी. आणि नेमकी हीच गाडी बिल्ला झाकून बघण्याच्या लायकीची असते.

नवी की जुनी, हा प्रश्न स्नेह्यांना सगळ्यांनी विचारला. २२ सप्टेंबर २०२५पासून मोठ्या गाड्यांवर पूर्वीचा २८ टक्के जीएसटी अधिक उपकर जाऊन सरळ ४० टक्के कर झाला, त्यामुळे नव्या गाड्या थोड्या आवाक्यात आल्या. पण आता भारतात नवी थ्री सिरीज मिळते ती मुख्यतः लांब चाकातळाची, मागच्या सीटवर पाय पसरून बसणाऱ्यांसाठी केलेली. चालकाकडे कललेल्या गाडीला मालकाच्या पायांसाठी ताणलं, हे मला थोडं विचित्र वाटतं. पाय नाही, हात महत्त्वाचे असणाऱ्यांसाठी सहा सिलिंडरची एम३४० आय आहे, चेन्नईतच जुळवलेली, साडेचार सेकंदांच्या आत शंभरी गाठणारी. तिची किंमत ऐकून मात्र माणूस चुनाभट्टीकडे बघू लागतो. जुनी गाडी पाच-सात वर्षांत निम्म्याखाली उतरते. उतार मात्र खरेदीपुरताच असतो. टायर, ब्रेक, तेल यांची किंमत नव्या गाडीचीच राहते आणि सर्व्हिस म्हटलं की नागपूर. जुनी घेताना गाडीच्या किमतीखेरीज पहिल्या वर्षासाठी वेगळी रक्कम ज्याच्याकडे नाही, त्याने स्कॉर्पिओ घ्यावी आणि सुखी व्हावं.

बाकी पारख काकाजींच्या पद्धतीची. आकडे ४५ हजार किलोमीटर सांगत असतील, पण चालकाच्या सीटची दाराकडची कड दबून सुरकुतली असेल आणि पेडलचं रबर गुळगुळीत झालं असेल, तर बैलाने दात लपवले समजा. इंजिन थंड असताना आपण चालू करायचं. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर चहा पिऊन दोन तासांनी परत जायचं. गिअरबॉक्सचं तेल जन्मभराचं असतं असं कोणी सांगितलं तर ऐकून घ्यायचं, पण झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान ते बदलायला सांगते हे लक्षात ठेवायचं. दिल्लीच्या स्वस्त डिझेल गाड्यांचा मोह पडतो. तिथे जुन्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्याने त्या इकडे वाहत येतात. पण एनओसी, इथला रोड टॅक्स आणि एमएच २९चा नंबर पडेपर्यंत स्वस्ताई बरीचशी विरते. गाडीवर आधीच्या मालकाचं कर्ज असेल तर फॉर्म ३५वर बँकेची सही बघितल्याशिवाय इसार देऊ नये. आणि राजूरपुरती एक गोष्ट: चुन्याची धूळ कोरड्या फडक्याने कधी पुसू नका. आधी पाणी सोडा. नाहीतर सहा महिन्यांत गाडीच्या अंगावर कोळ्याचं जाळं उमटतं, उन्हात स्पष्ट दिसतं.

परवा संध्याकाळी वणीहून परतताना फाटक लागलं. कोळशाची मालगाडी होती, माजरीकडे निघालेली, वाघिणी संपता संपेनात. गाडीचं इंजिन आपोआप बंद झालं. आत शांत, समोर नारिंगी आकडे. मागे काकाजी दुपट्टा मांडीवर घेऊन बसले होते. मधेच म्हणाले, "चाल चांगली हाय. कितीले पडली, ते तू अजून सांगतलं नाईस."

स्नेही हसले. बाहेर दोन-तीन मोटारसायकली उभ्या, काचा अर्ध्या उघड्या. काकाजींनी दुपट्टा पुढच्या दोन सीटच्या मधून सरकवला आणि त्याखाली हात धरला, बाजारात धरतात तसा. मुलानेही स्टीअरिंगवरचा हात काढून खाली नेला. कापड जरा हाललं. किती बोटं दाबली ते मला दिसलं नाही.

"बरं," काकाजी म्हणाले, आणि दुपट्टा खांद्यावर टाकला. "लय नाई देल्ले."

फाटक उघडलं.