कामाच्या कपड्यांची गोधडी

अमेरिकेत अलाबामा नदीच्या एका वळणावर जीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. तिथल्या मिसूरी पेटवे यांचे पती नॅथानिएल वारले. १९४२ साली मिसूरीबाईंनी त्यांचे शेतात घालायचे कपडे उसवले, मुलीला, आर्लोन्झियाला, हाताशी घेतलं आणि गोधडी शिवली. त्यांची आठवण राहावी आणि ती अंगावर ओढून निजता यावं, एवढाच हेतू.

साधारण नव्वद इंच लांब, एकोणसत्तर इंच रुंद. विटलेले निळे, तपकिरी, भुरके तुकडे. पँटचे पाय, सदऱ्यांचे घोळ, सोबत थोडं गोणपाटासारखं जाडंभरडं सुती कापड. नक्षी म्हणावी तर नुसत्या पट्ट्या आणि चौकोन. पण एकही रेघ पट्टी लावून आखल्यासारखी सरळ नाही. पट्टी मध्येच अरुंद होते, शेजारचा तुकडा तिला सांभाळून घेतो आणि नजर अडखळत नाही. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हे, की कापड जिथे डागाळलं, विरलं, तो भाग बाईंनी कापून टाकलेला नाही. उन्हाने उडालेला रंग हाच इथला रंग. नवऱ्याच्या कष्टांनी आधीच रंगवलेलं कापड त्यांनी फक्त नीट मांडलं. त्या मांडणीतच त्यांची प्रतिभा आहे.

२००२ साली ह्यूस्टनच्या संग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात या वस्तीतल्या गोधड्या भिंतीवर लागल्या, तेव्हा तुलनेसाठी मातीस आणि क्ले या चित्रकारांची नावं घेतली गेली. कौतुक मनापासूनचं होतं, तरी मला ते अपुरं वाटतं. चित्राचं माप चित्रकार ठरवतो. इथे ते निजणाऱ्या देहाने ठरवलं आहे. लुगड्यांच्या गोधडीत वाढलेल्याला हे सांगावं लागत नाही.

आर्लोन्झियाबाई पुढे स्वतः नावाजल्या. त्यांची १९६५च्या सुमाराची एक गोधडी २००६ साली अमेरिकेच्या टपाल तिकिटावर आली. तिचा प्रकार ‘चायनीज कॉइन्स’: आखूड पट्ट्या एकावर एक रचून उभे खांब करायचे. आईच्या रुंद, संथ तुकड्यांहून ही चाल पुष्कळ चपळ. पण समोरच्या कापडाचं ऐकून पुढचा तुकडा ठरवायचा, हे वळण आईचंच. ते त्यांच्या हाताला वडिलांचे कपडे जोडताना लागलं असावं, असं मी मानतो.