'इको' बटण नेमके काय शिकवते?

२०१४ साली टाटा मोटर्सची 'झेस्ट' ही मोटार बाजारात आली. तिच्या पेट्रोल इंजिनाला 'सिटी', 'इको' आणि 'स्पोर्ट' अशा तीन चालनपद्धती होत्या. आता अशी सोय पुष्कळ गाड्यांत असते आणि तिच्याबरोबर एक सुटसुटीत स्पष्टीकरणही रूढ झाले आहे : बटण दाबा, पेट्रोल वाचेल. विज्ञान शिकवणाऱ्याने यावर समाधान मानू नये.

बटण दाबल्याने पेट्रोलमधील ऊर्जा वाढत नाही, इंजिनही बदलत नाही. बदलतो तो पायाच्या हुकमाचा अर्थ. जुन्या गाड्यांत अ‍ॅक्सिलरेटर तारेने हवेच्या झडपेला जोडलेला असे. आता पेडल किती दाबले ते संगणकाला कळते आणि झडप किती उघडायची ते तो ठरवतो. 'इको'मध्ये तेवढ्याच दाबाला ती कमी उघडते. घाईतला चालक मग पेडल आणखी दाबतो आणि बचत तिथेच संपते! काही गाड्यांत वातानुकूलनाचा जोरही कमी केला जातो. गिअर स्वयंचलित असल्यास वरचा गिअर लवकर पडतो, आणि हा भाग मात्र खरा गुणाचा आहे. झडप बरीचशी मिटलेली असताना हवा आत ओढण्यातच पेट्रोल इंजिनाची काही शक्ती खर्च होते. वरच्या गिअरमध्ये तेच काम कमी फेऱ्यांत, अधिक उघड्या झडपेने होते. म्हणजे 'पाय जितका हलका तितकी बचत' हा उपदेशही अर्धाच खरा.

या स्पष्टीकरणाचा मोठा दोष असा की ते ब्रेकबद्दल काहीच बोलत नाही. हे गणित वर्गात जरूर करून घ्यावे. १००० किलोग्रॅमची गाडी ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा सुमारे १ लाख ३९ हजार ज्यूल भरते. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे ३ कोटी २० लाख ज्यूल असतात. त्यांपैकी चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो असे धरले, तर हा वेग मिळवायला १७ मिलिलिटर पेट्रोल लागले. सिग्नलपाशी करकचून ब्रेक दाबला की हे तीन चमच्यांहून अधिक पेट्रोल ब्रेक तापवण्यात जाते. लाल दिवा दुरून दिसताच पाय उचलला, तर गाडी त्याच ऊर्जेवर बरेच अंतर कापते. त्याला बटण लागत नाही. हवेचा रोधही बटणाला जुमानत नाही : ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटर वेग ठेवला, तर तो दीडपटीहून अधिक होतो.

होंडाच्या २००९ सालच्या 'इनसाइट' या संकरित गाडीतील योजना याहून सरस होती. जपून चालवले की वेगमापकाची पार्श्वभूमी हिरवी होई, धसमुसळेपणा केला की निळी. शिवाय पडद्यावर पाने उगवत. चालकाला कृतीचा परिणाम तिथल्या तिथे दिसे. नुसत्या बटणात हा गुण नाही. तरीही तो उत्तरपत्रिकेवरचा 'छान' हा शेराच; का छान, ते कळत नाही. पानाच्या जागी 'या ब्रेकमध्ये १७ मिलिलिटर गेले' असा आकडा उमटला असता, तर नववीतल्या मुलालाही तो वहीत पडताळून पाहता आला असता.