इनामगांवचा दुष्काळ आणि उत्तरेकडील हिवाळा

डॉ. मधुकर केशव ढवळीकर यांचा ‘द फर्स्ट फार्मर्स ऑफ द डेक्कन’ हा ग्रंथ १९८८ सालीं प्रसिद्ध झाला. इनामगांवच्या उत्खननाचा विस्तृत वृत्तांतही त्याच सालचा. पण तो तज्ज्ञांच्या कपाटांत राहावयाचा, आणि हा ग्रंथ मात्र कोणाही सुशिक्षित गृहस्थानें आरामखुर्चींत बसून वाचावा असा आहे. त्यामुळें त्यांतील मुख्य सिद्धांत वाचकाच्या मनांत सहज रुजतो. त्या सिद्धांताची थोडी छाननी करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शिरूर तालुक्यांत घोड नदीच्या कांठीं इ. स. पूर्वी १६०० च्या सुमारास हें खेडें वसलें व इ. स. पूर्वी ७०० च्या सुमारास ओस पडलें. १९६८ पासून बारा-पंधरा वर्षें तेथें खोदकाम चाललें. मातीच्या भिंतींचीं चौकोनी घरें, मध्यभागीं गांवप्रमुखाचें अनेक खोल्यांचें घर व त्याला लागून धान्याचें कोठार, नदीचें पाणी वळवून आणणारा पाट, घराच्या जमिनीखालीं दोन रांजणांत तोंडास तोंड लावून पुरलेलीं बालकें, घोट्याखालीं पाय तोडून निजविलेलीं प्रौढांचीं प्रेतें, हें सर्व ढवळीकर अशा रीतीनें सांगतात कीं विझलेल्या चुलींत पुन्हा जाळ दिसावा. कोठारावरून कर आणि करावरून सत्ता, अशी अनुमानांची सांखळी ते जोडतात, ती आम्हांस बहुतांशीं पटते.

खरी अडचण पुढें आहे. इ. स. पूर्वी १००० नंतर पाऊस उणावला, म्हणून शेती खालावली. शेती खालावली म्हणून लोक शेळ्यामेंढ्यांकडे व शिकारीकडे वळले. चौकोनी घरांच्या जागीं लहान गोल झोपड्या आल्या, आणि अखेर गांव सुटलें. ही मांडणी अत्यंत सुटसुटीत आहे, आणि तोच तिचा दोष होय. तींत मनुष्य उष्णतामापकांतील पाऱ्याप्रमाणें वरखालीं होतो; त्याला स्वतःची अक्कल उरत नाहीं.

येथें वाचकांस थोडें दूर न्यावें लागेल. १९२१ ते १९२४ या वर्षांत क्नुड रासमुसन यांच्या मोहिमेबरोबर गेलेल्या थेरकेल मॅथियासेन यांनीं कॅनडाच्या उत्तरेस खोदकाम करून आजच्या इनुइट लोकांचे पूर्वज उजेडांत आणले. त्यांस ‘थुले’ म्हणतात. अलास्काकडून हे लोक पूर्वेस पसरले, ते देवमाशाची शिकार करीत आणि त्याच्याच हाडांचें छप्पर घालून जमिनींत अर्धवट खोदलेल्या घरांत हिवाळा काढीत. हवा उबदार झाली, बर्फ फुटलें, देवमासे आले व त्यांच्यामागें माणसें आलीं, अशी तेथेंही बरेच दिवस समजूत होती. रॉबर्ट मॅक्घी यांनीं ती ढिली केली: हे लोक उबेच्या मागें नव्हे, तर लोखंडाच्या ओढीनें आले असावेत. पुढें थंडी वाढली. ग्रीनलंडांतील नॉर्स वसाहती, त्यांच्या गाई व चर्चें यांसह, पंधराव्या शतकांत नाहींशा झाल्या. इनुइट राहिले. पुष्कळ ठिकाणीं त्यांनीं देवमासा सोडला, मोठीं घरें सोडलीं, आणि गोठलेल्या समुद्रावर बर्फाचें घर बांधून सीलच्या श्वासाच्या भोकापाशीं भाला घेऊन बसण्यास ते शिकले. थंडी दोघांनाही सारखीच होती.

हाडांच्या छपराचें घर सोडून बर्फाच्या घरांत जाणें हा ऱ्हास कीं शहाणपण? मग इनामगांवची गोल झोपडी पाहून ऱ्हास हाच शब्द प्रथम कां सुचावा? आम्हांस वाटतें, पक्क्या भिंतीच्या घरांत राहणाऱ्या विद्वानांचा हा जुना पूर्वग्रह आहे. तथापि दुसऱ्या टोकासही जाऊं नये. आमच्या जिल्ह्यांत जव्हार-मोखाड्याकडील कुटुंबें पावसाळा सरल्यावर वीटभट्ट्यांवर जातात. त्यांचें फिरणें हौसेचें नव्हे. ग्वेन रॉबिन्स शुग यांनीं २०११ च्या आपल्या ग्रंथांत इनामगांवच्या बालकांचीं हाडें तपासून या हवामानाच्या प्रश्नाचा फेरविचार केला, आणि त्या कोवळ्या हाडांवर वाढीच्या ताणाची नोंद आहे. जुळवून घेण्याची किंमत कोणीतरी देतो, व बहुधा घरांतील लहानगें देतें. ढवळीकरांच्या मांडणींत ही किंमत पावसाच्या खात्यावर पडते.

पालघरास बसून वाचतांना आणखी एक प्रश्न छळतो. अवर्षणानें गांजलेले हे लोक सह्याद्रि उतरून कोंकणांत कां आले नाहींत? येथें पाऊस देशावरच्या कितीतरी पट. परंतु ज्या जोर्वे संस्कृतीचें इनामगांव हें एक खेडें, तिची वस्ती तापी, गोदावरी व भीमा यांच्या खोऱ्यांतली. कोंकणपट्टी तिच्या बाहेर राहते. काळ्या जमिनींत जव पिकविणाऱ्यास दाट रान व चार महिन्यांची झड हीं परकींच. पाणी असून भागत नाहीं, त्या पाण्याशीं वागण्याची विद्या लागते. सातपाटीचा कोळी उन्हांत बोंबील वाळवून पावसाळ्याची बेगमी करतो, ती अशीच विद्या; ती घाटावरून येणाऱ्याच्या गांठोड्यांत नव्हती. केवळ पावसाच्या आंकड्यांनीं मनुष्याची वाट ठरती, तर घोडनदीचे शेतकरी आमच्या दारीं आले असते.

मग या किनाऱ्यावर तेव्हां होतें कोण? के. आर. यू. टॉड यांनीं १९३० नंतरच्या दशकांत कांदिवली व मुंबईच्या आसपास अश्मयुगीन हत्यारें गोळा केलीं, तीं समुद्रकांठच्या माणसांचीं. उत्तरेस तारापुराकडे अणुवीजकेंद्र १९६९ सालीं सुरू झालें, बोईसरची औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजीं वाढवण बंदराचा पायाही घालण्यांत आला. जमीन उकरण्याचें काम येथें चालूच आहे. उकरलेली माती टाकून देण्यापूर्वीं ती पाहण्यास टॉडसारखा एखादा माणूस मात्र हवा आहे.